एक्स्पोर्टचे छर्रे

बासष्टाव्या वर्षी मी फार हुशार होते. आता सत्तरी मागं पडली, तेवढी हुशारी उरली नाही, म्हणून घरातल्यांचं बरं चाललंय. ती बासष्ट वर्षांची बाई मला अजून डोळ्यांपुढं दिसते. डोक्यावर पदर, कमरेला चंची, आणि जगातली कुठलीही वस्तू समोर आली की तिची प्रतवारी करायची घाई. माणसांचीसुद्धा. सुनेला तिनं पहिल्याच भेटीत एक नंबरात टाकलं होतं आणि व्याह्यांना 'दोन नंबर, जरा डागी' म्हणून बाजूला ठेवलं होतं.

तिचाही इलाज नव्हता. सणसरला आमचा कॅनॉलच्या कडेला ऊस आणि वरच्या मुरमाड तुकड्यात डाळिंब. उसाला काही निवडावं लागत नाही, तो जसा आहे तसा कारखान्यात जातो. पण डाळिंबाच्या तोडणीत ताडपत्रीवर मांडी घालून बसायचं आणि एकेक फळ हातात घेऊन त्याचं नशीब ठरवायचं. मोठं, लालबुंद, बिनडागी असेल तर एक्स्पोर्टच्या क्रेटात. त्याच्या खालचं पुण्याला. त्याच्या खालचं इंदापूरच्या बाजारात. आणि तडकलेलं, खारीनं कुरतडलेलं, एका अंगानं करपलेलं घरी खायला. आमच्या घरात कुणी चांगलं अख्खं डाळिंब फोडून खाल्ल्याचं मला आठवत नाही. पाहुणा आला तरी त्याला तडकलेलंच. फक्त दाणे सोलून वाटीत द्यायचे, म्हणजे त्याला कळत नाही.

नातीनं रायफल धरली ती दहावीला असताना. बारामतीला शाळेची सहल म्हणून कुठल्या तरी नेमबाजीच्या हॉलमध्ये पोरं नेली, तिथं हिनं हौसेनं दोनचार बार काढले आणि घरी येऊन जाहीर केलं की मला हेच करायचंय. गावात बातमी झाली की पाटाजवळच्यांची पोरगी पोलिसात चालली. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा कानात कापसाचे बोळे घालूनच गेले होते. पोरीनं जाड कोट चढवला, रायफल गालाला लावली, श्वास धरला, मी डोळे गच्च मिटले, आणि 'फुस्स'. सायकलच्या ट्यूबमधली हवा गेल्यासारखं.

"बिगाडली वाटतं गं," मी म्हटलं.

"आज्जे, हवेची रायफल हाय. दारू नसती ह्यात."

दारू नाही, धूर नाही, आवाज नाही. दहा मीटरवर कागदाची चकती, तिच्या मधोमध पेनाच्या टोकाएवढा ठिपका, आणि त्या ठिपक्याला मारायचा शिशाचा छर्रा. छर्रा म्हणजे एक इवलंसं डमरू. डोकं चपटं, कंबर बारीक, खाली घेर. मला त्या छर्र्याचंच कौतुक वाटलं. एवढीशी वस्तू, पण नटलेली.

आता मुलाचं सांगते, म्हणजे नातीच्या बापाचं. तो वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात एकदा गोष्ट बसली की पाटाचं दार सोडल्यासारखी सरळ वाहत जाते. अकरावीला पोरगी लातूरला पाठवायची, वसतिगृहात ठेवायची, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावायचा. नातीनं रडून, उपाशी राहून, शेवटी चुलतआजोबांना मध्ये घालून एक तह करून घेतला. दिवाळीनंतर बारामतीला जिल्ह्याची स्पर्धा होती. त्यात राज्याला जायच्या पात्रतेएवढे गुण पडले तर रायफल राहील आणि पोरगी घरी राहील. नाही पडले तर रायफल खोक्यात आणि पोरगी लातूरला. दोघांनी कबूल केलं. मलाही पोरगी लातूरला गेलेली नको होती. घरात माझ्याशी भांडायला तिच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं.

तिचे नेमबाजीचे सर म्हणजे पंचविशीतला, हळू बोलणारा मुलगा. एके दिवशी त्यांनी नातीचा नेम लावलेला कागद तिच्या बापाला आणि मला दाखवला. भोकं चकतीच्या आसपास मुंग्यांसारखी पांगलेली.

"हात चांगला आहे हिचा," सर म्हणाले. "छर्रे एकसारखे नाहीत. एकाच डबीतले असले तरी एखादा जड असतो, एखादा हलका, एखाद्याचा घेर चेपलेला असतो. मग एक वर लागतो, एक खाली. मोठे नेमबाज छर्रे निवडून घेतात. वजन करून सारखे सारखे वेगळे काढायचे."

निवडून! मी पुढं सरकलेच.

"ते माज्याकडं द्या."

"आजी, फार बारीक काम आहे."

"माजी हयात निवडन्यात गेली, सर. तुमचं लगीन ठरलंय का? न्हाय तर तुमाला बायकू पन निवडून देते."

सर लाजले आणि त्यांनी सोनाराकडं असतो तसला एक छोटा काटा मला वापरायला दिला. वर सांगितलं की शिसं आहे, हात साबणानं धुवायचे, आणि ज्या भांड्यात निवडाल ते परत स्वयंपाकात घ्यायचं नाही. अशा रीतीनं आमचं एक चांगलं पितळी ताट आणि जुना मिसळणाचा डबा नेमबाजीत गेला, तो कायमचा.

दुपारी मी आणि माझी धाकटी जाऊ ओसरीवर बसायचो. आधी ताट जरा कलतं धरायचं आणि एकेक छर्रा त्यावरून सोडायचा. घेर खालच्या बाजूला मोठा असल्यामुळं तो वळण घेत जातो. चेपलेला असेल तर मध्येच लंगडतो. लंगडा दिसला की बाजूला. मग काट्यावर. काटा असा नाजूक, की जवळ कुणी शिंकलं तरी आकडा हलायचा.

जाऊ म्हणाली, "आक्का, ही डाळ हाय व्हय? काय शिजवायचंय का आपल्याला?"

"गप निवड."

"ह्याच्यात किडका कसा वळखायचा?"

"तुज्यासारका वाकडा चालतो त्यो."

"मग तुमच्यासारका कंचा? जड त्यो?"

असं चाललेलं असताना मुलगा रानातून घामाघूम होऊन यायचा आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबायचा. काट्यावरचा आकडा नाचायला लागायचा. "पंखा बंद!" मी ओरडायचे. "बंदुकीचं काम चाललंय हितं!" तो बिचारा टॉवेल खांद्यावर टाकून लिंबाखाली जाऊन बसायचा. माझ्या घरात मला कधी नव्हता तेवढा दरारा त्या दिवसांत होता.

निवड मात्र आम्ही झकास केली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मिसळणाच्या डब्यातल्या एकेका वाटीत एकेक वजन. त्यात एका वाटीतले असे निघाले की काट्यावर एकाचा आकडा बघावा आणि दुसऱ्याचा न बघताच सांगावा. भरीव, सुबक, घेर अगदी गोल. बाकीच्या वाट्यांत कुठं थोडं कमी, कुठं थोडं जास्त, आणि मधल्या मोठ्या वाटीत सगळी सरमिसळ, लंगड्यांसकट.

आता कुणीही विचार केला असता की पोरीला रोज ती सुबक वाटी द्यावी. सर मनात तेच धरून होते. नातही तेच धरून होती. पण ती बासष्ट वर्षांची हुशार बाई! तिनं सुबक छर्रे स्टीलच्या डबीत घातले, शेंगतेलाचं बोट लावलेल्या फडक्यानं एकेक पुसून चकचकीत केले, डाळिंबाला आम्ही शेवटचा हात मारतो तसा, आणि खाली कापूस घालून डबी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिली. स्पर्धेसाठी. वरचा माल. आणि सरावाला रोज मधली वाटी.

ह्यात काही चूक आहे असं तिच्या मनालासुद्धा शिवलं नाही. सराव म्हणजे घरचं खाणं. घरी कुणी एक्स्पोर्टचं खातं का?

नातीचे गुण पहिल्या आठवड्यापासून घसरायला लागले. आधी जेवढे पडायचे तेवढेही पडेनात. सर तिची उभं राहायची पद्धत बदलायचे, पाय लांब, पाय जवळ, कोपर आत. मग विचारायचे, "छर्रे निवडलेलेच वापरतेस ना?"

"व्हय सर. आज्जीनं निवडल्यात."

खरंच होतं ते. कुठल्या वाटीतले, हे कुणी विचारलं नाही.

घरी आली की पोरगी न्हाणीघरात जाऊन रडायची. नळ सोडून रडायची, म्हणजे कुणाला कळू नये. पाणी वाया जायला लागलं तेव्हा मी दार वाजवलं.

"हात गेला गं माझा, आज्जे," ती आतून म्हणाली. "मला वाटायचं मला येतंय. मला येत न्हाय."

"येतं. दिष्ट लागली असंल."

मी मीठमोहऱ्या ओवाळल्या. हळदीचं दूध दिलं. हाताला तेल लावून चोळलं. ती एकदा हुंदके देत म्हणाली, "छर्रं तर बरोबर हायती ना गं?" आणि मी, मी तिच्यावर डोळे वटारले. "छर्र्यांचं नाव काढू नगंस. दोन बायकांच्या माना मोडल्यात त्याच्यापायी."

मुलगा जेवताना म्हणायचा, "बघ बाई, तूच बघ. पुढं जायचं सोडून मागं चाललीयस." लातूरच्या वसतिगृहाला त्यानं फोनही करून ठेवला होता. पोरगी ताटातली भाकरी कुस्करत बसायची. ती उत्तर देईना हेच मला खटकायचं. पण मनात मी हसत होते. म्हणायचे, थांबा, माझी डबी निघू दे.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही जीपमधून बारामतीला गेलो. मुलगा, मी, नात, आणि मांडीवर रायफलचं लांब खोकं. हॉलच्या दारात मी चंची सोडली आणि डबी काढली. नातीच्या हातातली रोजच्या वाटीतली पुडी काढून घेतली आणि डबी तिच्या हातावर ठेवली, देवाचा अंगारा द्यावा तशी.

तिनं उघडून बघितलं. छर्रे आतून चमकले.

"ह्ये येगळे हायत?"

"येगळे कशाला? आपल्याच डबीतलं. वरचे."

"वरचे म्हंजे?"

तेवढ्यात आतून नावांचा पुकारा झाला आणि ती धावत गेली. तिच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मी बघितला होता, पण मला तो आनंद वाटला.

आत प्रत्येक नेमबाजासमोर छोटा पडदा असतो. छर्रा जिथं लागला तिथं त्यावर ठिपका उमटतो. खऱ्या गुणांच्या आधी थोडा वेळ सरावाचे बार काढायला देतात. आम्ही मागं खुर्च्यांवर बसलो होतो. नातीचा पहिला ठिपका वर गेला. दुसरा उजवीकडं. तिसरा कुठं तरी भलतीकडंच. सर उठून उभे राहिले. शेंगतेल नळीत जाऊन काय काय करत होतं हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी हातातला रुमाल पिळत 'माझ्या डबीचं तेज पडू दे' म्हणत होते.

मग नळी आतून सारखी माखली असावी, कारण ठिपके एका जागी पडायला लागले. एकावर एक. पण मधोमध नाही. खाली, डावीकडं. सगळे तिथंच. पोरगी इतके दिवस हलक्या-जड सरमिसळ मालावर नेम बसवून आली होती. रायफलीवर मागच्या बाजूला नेम सरकवायच्या दोन घुंड्या असतात, त्या तिला आता नव्यानं फिरवायच्या होत्या. ती एक घर फिरवायची, बार काढायची, बघायची, परत फिरवायची. तेवढ्यात सरावाची वेळ संपल्याचा पुकारा झाला आणि खरे गुण सुरू झाले, तरी ठिपका अजून काठावरच.

सुरुवातीचे बार असेच गेले. मुलानं खाली बघितलं. मग ठिपका हळूहळू आत सरकला, आणि एकदा मध्ये बसला तो बसलाच. पडद्यावर नवा ठिपका कुठला ते दिसेना, सगळे एकाच भोकात. पोरगी श्वास घ्यायची, गाल लावायची, फुस्स. श्वास, गाल, फुस्स. शेजारच्या पोरांचे आईबाप आपली पोरं सोडून आमच्या पडद्याकडं बघायला लागले.

पण सुरुवातीचं गेलं ते गेलं. बेरीज झाली तेव्हा पात्रतेला अगदी थोडे गुण कमी पडले. थोडे म्हणजे इतके थोडे, की मला वाटलं भांडून मिळतील.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही चौघं उभे होतो. सरांनी रायफल हातात घेतली, नळीशी नाक नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याला शेंगदाण्याचा वास का येतोय?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. तिला सगळं कळलं होतं. आत उभं राहून, घुंड्या फिरवता फिरवताच कळलं होतं. तिनं बापाकडं तोंड फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, "सुरवातीला घाबरले मी, पप्पा. माझीच चूक झाली."

"बरं," मुलगा म्हणाला. त्याचाही आवाज खाली गेला होता. "पन ठरलं हुतं आपलं."

"व्हय. ठरलं हुतं."

ती खाली बसून रायफल खोक्यात ठेवायला लागली. कोट घडी केला.

आणि इथं त्या बासष्ट वर्षांच्या बाईनं काय केलं असेल? तिच्या मनात काय चाललं होतं सांगू? पोरगी लातूरला चालली, हे होतंच. पण त्याच्याही वर एक दुसरं दुखणं होतं. शेवटचे बार असे एकावर एक लागले, अख्खा हॉल बघत राहिला, आणि तिघांतल्या एकाच्याही तोंडून छर्र्यांचं नाव निघालं नाही! दोन महिने माना मोडल्या, पंखा बंद ठेवून उकाड्यात बसलो, त्याचं काही कौतुक?

"शेवटचं एकावर एक लागलं," मी म्हटलं, "ते माज्या एक्स्पोर्टच्या छर्र्यांनी लागलं, एवढं तरी म्हना की कुनी!"

"आज्जे, गप," नात खालून पुटपुटली.

"का गप? दोन महिने राखून ठेवलं हुतं आजच्यासाठी."

सरांनी मान वळवली. "राखून म्हणजे? मग रोज कुठले वापरत होती ही?"

"रोज खालचे. सरमिसळ. चेपलेले-बिपलेले."

"चेपलेले?"

"मग काय! घरी कुनी वरचा माल काढतं व्हय?"

सर पायरीवर बसले. मी त्यांना पाणी देऊ का विचारलं. ते नुसते माझ्याकडं बघत होते. त्यांना ते उमगेना, कारण त्यांच्या घरी डाळिंब नव्हतं. मुलाला मात्र एका क्षणात उमगलं. जन्मभर तडकलेलं खाल्लेला माणूस तो.

"सर," तो सावकाश म्हणाला, आमच्या अख्ख्या घराण्याची बाजू मांडल्यासारखा, "आमच्यात चांगला माल घरी ठेवत न्हाईत."

मग तो पोरीकडं वळला. ती अजून खाली बसलेली, खोक्याच्या कड्या लावत. "म्हंजे ही दोन महिने कचऱ्यावर मारत हुती?"

"चेपलेल्या छर्र्यावर," सर म्हणाले, "ती जेवढे गुण काढत होती, तेवढे मलासुद्धा काढता आले नसते. आणि मी तिचे पाय हलवत बसलो होतो."

रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली, मुलगा तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "लातूरचं ऱ्हाऊ द्या. क्लास हितंच बारामतीत बघू. पुढच्या साली उतरू द्या परत." आणि पोरीच्या हातातली कडी स्वतःच लावून त्यानं खोकं उचललं आणि जीपकडं निघाला.

नात उठली. मला वाटलं आता गळ्यात पडेल. मी पदर सावरून तयार राहिले.

"दोन महिने मला कचरा दिलास?"

"कचरा न्हाय गं. दोन नंबर."

"मी मोरीत रडत हुते तवा पन?"

"तवा पन दोन नंबरच."

"आणि मी आत्ता तुला झाकत हुते, तर तूच बोंबललीस!"

"मला काय म्हाईत तू झाकतीयास!"

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मी तिचं नाक पदरानं पुसलं, जोरात, कारण मला राग आला होता. छर्र्यांचं कौतुक अजूनही कुणी केलं नव्हतं.

आता आमच्या भावकीत ही गोष्ट वेगळीच सांगतात. आजीनं स्वतःची चूक चारचौघांत कबूल केली आणि नातीचं आयुष्य वाचवलं. लग्नात, बारशाला बायका मला हाताला धरून म्हणतात, "तुमच्या मनाचा केवढा मोठेपणा!" मी खाली बघते. नात शेजारी असली तर ती दुसरीकडं मान वळवून खांदे हलवते, आणि मलाही हसू आवरत नाही, म्हणून मी पदर तोंडाला लावते. बायकांना वाटतं, म्हातारीला भरून आलं.